चौकट कशाची करावी?

माझे एक शिक्षकमित्र रत्नागिरीजवळ घर बांधत आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी विचारले, "दारे-खिडक्या कशाच्या करू? सुतार म्हणतो सागवान, दुकानदार म्हणतो ॲल्युमिनियम आणि मुलगा म्हणतो यूपीव्हीसी. यांत न बिघडणारे कोणते, तेवढे सांगा." प्रश्न साधा होता, पण जन्मभराची पुंजी त्यात अडकलेली. चौकट एकदा भिंतीत बसली, की बदलणे सोपे नसते.

मी उलट विचारले, "जुन्या घराचे दार पावसाळ्यात अडकते का?"

"दरवर्षी. म्हणून श्रावणात रंधा मारून घेतला, तर आता पेन्सिल जाईल एवढी फट पडली आहे."

असे का झाले? लाकूड म्हणजे बारीक उभ्या नळ्यांची जुडी. नळ्यांच्या भिंती हवेतील ओलावा शोषून जाड होतात. लांबी मात्र जवळजवळ तेवढीच राहते. म्हणून लाकूड रेषांना आडवे फुगते, उभे नाही. सागवानातील पाणी १ टक्क्याने वाढले, तर आडवी रुंदी साधारण ०.१ ते ०.२ टक्के वाढते. कोरड्या दिवसांत १२ आणि भर पावसात १८ टक्के पाणी धरू. मग उभ्या फळ्या जोडून केलेले ८० सें.मी. रुंदीचे दार ५ ते १० मि.मी. फुगेल! श्रावणात तासून काढलेले लाकूड उन्हाळ्यात परत कोठून येणार?

जुन्या कारागिरांनी यावर उपाय शोधला होता, तो म्हणजे पॅनेलचे दार. त्यात कडेला दोन उभ्या पट्ट्या, मध्ये आडव्या पट्ट्या आणि खोबणीत सैल बसवलेली फळी असते. आडव्या पट्ट्यांची लांबी बदलत नाही. मधली फळी खोबणीतल्या खोबणीत फुगते. उरल्या १०-१० सें.मी.च्या दोन उभ्या पट्ट्या. त्या मिळून फार तर अडीच मि.मी. वाढतात. लाकूड तेच, पण त्याच्या हालचालीला जागा ठेवलेली! मात्र ती फळी कोणी सरसाने चिकटवली, तर सारे व्यर्थ.

धातू पाण्याने फुगत नाहीत, पण उन्हाने वाढतात. २ मीटर लांबीची पट्टी ३० अंश सेल्सिअसने तापली, तर लोखंड सुमारे ०.७ मि.मी., ॲल्युमिनियम १.४ मि.मी. आणि यूपीव्हीसी ४ मि.मी.च्या आसपास वाढते. काच मात्र अर्धाच मि.मी. वाढते. म्हणूनच तावदान रबराच्या पट्टीत बसवतात आणि यूपीव्हीसीची चौकट व भिंत यांमध्ये फट सोडून ती लवचीक लांबीने भरतात. तिथे घट्ट सिमेंट भरले, तर चौकट वाकण्याची भीती.

लोखंडाचा खरा शत्रू गंज. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे रंग उचलतो आणि लोखंड पुन्हा उघडे पडते. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर मात्र घट्ट चिकटून राहतो आणि आतील धातूला वाचवतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात तोही पोखरला जातो. म्हणून ॲनोडायझिंग किंवा पावडर कोटिंग हवे. आणि स्क्रू? पितळी स्क्रू व खारा ओलावा मिळून तिथे छोटा विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजते ते ॲल्युमिनियम. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. शिवाय ॲल्युमिनियम लाकडाच्या सुमारे हजारपट उष्णता वाहून नेते, हे पश्चिमेच्या खिडकीला दुपारी हात लावून कळते.

यूपीव्हीसीला गंज नाही, वाळवी नाही. पण ते पोलादाच्या मानाने फारच लवचीक. म्हणून मोठ्या खिडकीच्या पोकळ चौकटीत पोलादी पट्टी घालावी लागते. ती आहे का, हे विकत घेतानाच विचारावे, कारण नंतर ती दिसत नाही.

तेव्हा न हलणारा, न बदलणारा पदार्थ नाहीच. कोण कशाने बदलतो आणि त्याला वाव ठेवला आहे का, हे पाहायचे. मित्राला मी सुचवले: पडवीच्या आडोशातले मुख्य दार चांगल्या वाळवलेल्या, गाभ्याच्या सागवानाचे, पॅनेलचे करा, पांढऱ्या सालीच्या भागाला वाळवी लागते. ऊन-पाऊस झेलणाऱ्या पश्चिमेच्या खिडक्या पोलादी पट्टीच्या यूपीव्हीसीच्या घ्या. आणि दाराची खालची-वरची कडही रंगवा. नळ्यांची तोंडे तिथे उघडी असतात आणि पाणी तिथूनच झपाट्याने शिरते. नेमकी तीच कड रंगवायची राहून जाते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. जुन्या खोक्याच्या फळीचा १० सें.मी.चा चौरस तुकडा कापा. रेषांना उभे आणि आडवे अशी दोन मापे घ्या. दोन दिवस पाण्यात बुडवून पुन्हा मोजा. साध्या पट्टीवरही फरक दिसेल. मग मुलांना विचारा: शाळेचे कोणते दार पावसाळ्यात अडकते, आणि का?