बुडत्या बँकेवरचा चेक

क्रिप्स योजनेचे नाव निघाले की शाळेतला विद्यार्थी असो वा स्पर्धा परीक्षेचा उमेदवार, त्याचे उत्तर तयार असते : ‘बुडत्या बँकेवरील पुढील तारखेचा चेक’. मूळचा इंग्रजी असलेला हा वाक्प्रयोग मराठीत इतका रुळला आहे, की त्यातील प्रत्येक शब्दाला व्यवहारात नेमका अर्थ आहे याचाच विसर पडतो.

१९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले. ८ मार्चला रंगून जपान्यांच्या हाती गेले. अशा वेळी ब्रिटिश मंत्रिमंडळाचा प्रस्ताव घेऊन सर स्टॅफर्ड क्रिप्स दिल्लीत आले. गांधीजी सेवाग्रामहून तेथे गेले व २७ मार्चला त्यांना भेटले. युद्ध संपल्यावर वसाहतीचे स्वराज्य आणि घटना समिती, असे प्रस्तावातील आश्वासन होते. त्यावरील गांधीजींचा शेरा म्हणून हे शब्द देशभर गाजले.

चेक हा मागताक्षणी रक्कम मिळण्यासाठी असतो. त्यावर पुढची तारीख घातली, की ती उजाडेपर्यंत बँक पैसे देत नाही. कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या वर्ध्यासारख्या गावाला हे समजणे कठीण नव्हते. दर्शनी हुंडी दाखवताच वटे, मुदती हुंडीची मुदत भरावी लागे. परंतु मुदती हुंडी घेणारा काही खुळा नसतो. पेढीची पत पाहूनच तो थांबतो. तेव्हा केवळ ‘पुढील तारखेचा चेक’ या शब्दांत सावधगिरीचा इशारा आहे, पूर्ण अविश्वास नव्हे.

खरा घाव आहे तो ‘बुडत्या बँके’चा. बँक बुडणे म्हणजे काय, हे तेव्हाच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते. १९३८ मध्ये त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक कोसळली होती, आणि ठेवींना विम्याचे संरक्षण मिळण्यास १९६२ साल उजाडावे लागले. मात्र हे शब्द गांधीजींचे नसून एका पत्रकाराने मागाहून जोडले, असे सामान्यतः मानले जाते. एका अर्धुकात तारखेविषयी तक्रार आहे, दुसऱ्यात दिवाळ्याची दवंडी. दोन्ही एकाच्याच मुखी घातल्याने इशाऱ्याचा निकाल झाला.

या सुटसुटीत शब्दांनी आणखी एक हानी केली. काँग्रेसचे आक्षेप केवळ विलंबाबद्दल नव्हते. प्रांतांना संघराज्याबाहेर राहण्याची मुभा होती. संस्थानांचे प्रतिनिधी प्रजेने निवडायचे नव्हते. युद्धकाळात संरक्षणाची सूत्रे ब्रिटिशांकडेच राहणार होती. म्हणजे चेकवरील रक्कमही अपुरी होती. ही बाजू परीक्षेच्या उत्तरात क्वचितच उतरते.

बोलणी फिसकटली. १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिश सत्ता संपुष्टात आणण्याची मागणी करणारा ठराव केला. त्यातून उभ्या राहिलेल्या लढ्याचे ‘क्विट इंडिया’ हे नावही इंग्रजी व्यवहाराशी नाते सांगते. घरमालक भाडेकरूला जागा सोडण्याची जी सूचना देतो, तिला इंग्रजी कायद्यात ‘नोटीस टू क्विट’ म्हणतात. आपल्या ‘चले जाव’मध्ये आवेश आहे, ‘क्विट’मध्ये त्याखेरीज घर कोणाचे, याचा दावाही ऐकू येतो.

वाक्प्रचार पाठ करून गुण मिळतात, अर्थ हाती येईलच असे नाही. शिक्षकाने फळ्यावर एक कोरा चेक काढावा आणि तारीख, रक्कम, बँक व सही या चार जागी क्रिप्स प्रस्तावातील काय काय बसते, ते विद्यार्थ्यांकडून भरून घ्यावे. पुढे आयुष्यात कोणी मोठे आश्वासन दिले, तर त्यातील कोणती जागा कोरी ठेवली आहे, हे पाहण्याची सवय त्यांना त्या एका तासात लागू शकेल.