स्टिकरवर 'आय सेव्हन', आत काय?

बारावीचा निकाल लागला आणि बाबांनी शब्द पाळला. पतसंस्थेतून दीड वर्षाच्या हप्त्यांवर कर्ज काढलं आणि आम्ही दोघं तालुक्याच्या गावातल्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, 'आय सेव्हन आहे, 8 जीबी रॅम, 4 जीबी ग्राफिक्स. गेम पण पळणार, एडिटिंग पण पळणार.' कॅबिनेटमध्ये लाल-निळे लाइट लागत होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. झाला सौदा.

आठव्या महिन्यात मामेभावाच्या लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला होता. फट्‌ असा आवाज आला, जळका वास आला आणि स्क्रीन काळी. एसएमपीएस गेला होता आणि जाताना मदरबोर्डलाही घेऊन गेला होता. हार्ड डिस्क तेवढी वाचली, म्हणून मामीसमोर तोंड दाखवता आलं. पतसंस्थेचे दहा हप्ते मात्र अजून बाकी होते.

तुमच्यापैकी कित्येक जण सध्या अशाच एखाद्या दुकानाच्या दारात उभे असाल. कुणाला व्हॅलोरंट खेळायचं असेल, कुणाला रील्स आणि प्री-वेडिंगची कामं घ्यायची असतील. बहुतेकांना दोन्ही करायचं असतं, फक्त घरी सांगताना 'एडिटिंगसाठी' एवढंच सांगितलेलं असतं! पैसे घरचे आहेत आणि ते एकदाच मिळणार आहेत. म्हणून मी जे पैसे घालवून शिकलो, ते तुम्ही वाचून शिका.

आधी काम सांगा, मग पार्ट

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, 'बजेट किती?' त्याआधी तुम्ही स्वतःला विचारा, 'येत्या वर्षभरात मी यावर नक्की काय करणार?' व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक 2 सारख्या गेमना चांगला प्रोसेसर लागतो, ग्राफिक्स कार्ड मध्यम असलं तरी चालतं. मोठ्या ओपन-वर्ल्ड गेमचा भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डवर येतो. एडिटिंगमध्ये प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी या तिघांवर वजन पडतं. इफेक्ट आणि कलर करताना ग्राफिक्स कार्ड मदतीला येतं.

सध्या घरी किंवा मित्राकडे एखादा कॉम्प्युटर असेल तर एक सोपा प्रयोग करा. तुमचं नेहमीचं काम चालू ठेवून टास्क मॅनेजरमधला 'परफॉर्मन्स' टॅब उघडा. प्रोसेसर, रॅम, डिस्क, ग्राफिक्स यातलं काय शंभर टक्क्यांना टेकतंय ते बघा. जिथे टेकतंय तिथे तुमचं काम अडतंय आणि तुमचा पैसा आधी तिथे जायला हवा.

प्रोसेसर: नावाआधी पिढी विचारा

'आय सेव्हन' हे आडनाव आहे, वय नव्हे. माझ्या मशीनमध्ये कोअर आय7-3770 होता, म्हणजे 2012 सालचा. त्यात चार कोअर, आठ थ्रेड. 2022 साली आलेल्या कोअर आय3-12100 मध्येही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत, पण हा 'आय थ्री' त्या 'आय सेव्हन'ला सहज मागे टाकतो. शिवाय आजचे बरेच फोन एचईव्हीसी म्हणजेच एच.265 मध्ये व्हिडिओ शूट करतात आणि तिसऱ्या पिढीच्या त्या प्रोसेसरमध्ये हा फॉरमॅट उलगडणारं हार्डवेअरच नाही. माझी टाइमलाइन सारखी का अडकायची, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 साठी अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज 11 वर व्हॅलोरंट खेळायचं तर टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट पाहिजेच. त्यामुळे 'स्वस्तात आय सेव्हन' दिसला की पूर्ण मॉडेल नंबर विचारा आणि तिथेच उभं राहून फोनवर साल शोधा.

कमी बजेटमध्ये आजही दोन नावं भरवशाची आहेत: इंटेलचा कोअर आय5-12400 आणि एएमडीचा रायझन 5 5600. दोघांतही सहा कोअर, बारा थ्रेड आहेत. इंटेलच्या नावामागे 'एफ' लागला, म्हणजे 12400एफ, तर त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त मिळतो. पण एडिटिंग करणार असाल तर बिनाएफचा घ्या, असं माझं मत. त्यातलं 'क्विक सिंक' एच.265 चे व्हिडिओ हलके करतं. उद्या ग्राफिक्स कार्ड बिघडलं तरी स्क्रीन चालू राहते आणि क्लायंटचं काम थांबत नाही. रायझन 5 5600 मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

मदरबोर्ड घेताना पुढचा विचार करा. एच610 च्या बहुतेक बोर्डांवर रॅमचे दोनच स्लॉट असतात. बी660, बी760 किंवा एएमडीचा बी550 घेतला तर चार स्लॉटचे बोर्ड सहज मिळतात. रायझन 5600 चं एएम4 सॉकेट स्वस्त आहे, पण जुनं झालंय. 2022 मध्ये आलेलं एएम5 महाग पडतं आणि त्याला डीडीआर5 रॅमच लागते. बदल्यात काही वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून भागण्याची शक्यता जास्त. हे दुकानदार सहसा सांगत नाही, कारण तो आजचं मशीन विकतोय. दोन वर्षांनंतरचं मशीन तुम्हाला वापरायचंय.

'4 जीबी ग्राफिक्स'चं गौडबंगाल

माझ्या मशीनमधलं '4 जीबी ग्राफिक्स' म्हणजे जीटी 730 होतं, 2014 सालचं कार्ड. मेमरी 4 जीबी, पण चिप इतकी अशक्त की ती मेमरी वापरायची ताकदच नाही. छोट्या टमरेलाने भरायची मोठी टाकी! कार्डावर किती जीबी आहेत, याच्या आधी ती चिप कुठली, हे विचारा.

नुसतं गेमिंग असेल आणि 1080पी चा मॉनिटर असेल, तर 8 जीबीचं रेडिऑन आरएक्स 6600 त्याच्या किमतीच्या मानाने छान चालतं. एडिटिंगबरोबर ब्लेंडर किंवा थ्रीडी करणार असाल तर एनव्हिडियाकडे वळा, कारण या क्षेत्रातली बरीच सॉफ्टवेअर 'कूडा' चांगलं वापरतात. आरटीएक्स 3060 चं 12 जीबीचं मॉडेल मिळालं तर टाइमलाइनला श्वास घ्यायला जागा मिळते.

आणि पैसेच कमी असतील तर? मग कार्ड घेऊच नका. हो, खरंच. रायझन 5 5600जी सारखा अंगचं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या, व्हॅलोरंट त्यावर खेळता येतं, साधं एडिटिंगही होतं. पैसे साठले की कार्ड बसवा. पुढे मोठं कार्ड लावल्यावर हा प्रोसेसर साध्या 5600 पेक्षा थोडा मागे पडतो, हे मान्य. तरीही जीटी 730 वर पैसे फेकण्यापेक्षा थांबणं कधीही परवडलं.

रॅम जोडीने, एसएसडी आधी

16 जीबी रॅम घ्यायची असेल तर 16 ची एक पट्टी न घेता 8-8 च्या दोन घ्या. दोन पट्ट्या एकदम काम करतात, त्याला ड्युअल चॅनल म्हणतात. अंगच्या ग्राफिक्सवर खेळणार असाल तर याचा फरक उघड्या डोळ्यांना दिसतो, कारण ते ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. मशीन घरी आल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू आहे का, तेही बघा. नाहीतर 3200 ची रॅम गुपचूप कमी वेगाने पळत राहते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

2025 च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव चढले. त्यामुळे जुन्या व्हिडिओत सांगितलेल्या किमती धरून बसू नका.

विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू प्रोजेक्ट एनव्हीएमई एसएसडीवर ठेवा. साटा एसएसडी सेकंदाला साधारण 550 एमबी वाचते, तर साधी एनव्हीएमईही 2000 च्या वर जाते. हार्ड डिस्क या शर्यतीतच नाही, पण संपलेल्या लग्नांचं फुटेज साठवायला ती अजूनही स्वस्त आणि मस्त. 4के फुटेज अडकत असेल तर लगेच नवीन पार्ट घ्यायला धावू नका. दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती किंवा प्रीमियर, दोन्हींत प्रॉक्सी बनवता येतात. हलक्या फाइलवर कट करा, एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून होतो. याला एक रुपयाही लागत नाही.

जो दिसत नाही, तोच घात करतो

आता माझ्या खलनायकाकडे येऊ. कॅबिनेटसोबत 'फ्री' आलेला एसएमपीएस. वर मोठ्या अक्षरात 450 वॉट. मेल्यानंतर मी त्याचं स्टिकर पहिल्यांदा नीट वाचलं. 12 व्होल्टच्या रकान्यात लिहिलं होतं 18 अँपिअर. बारा गुणिले अठरा, 216 वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली बहुतेक वीज याच 12 व्होल्टवरून घेतात. म्हणजे 450 हा आकडा नुसता मिरवायला होता.

हा गुणाकार तुम्ही दुकानातच करा. आय5-12400 पूर्ण जोर लावतो तेव्हा 117 वॉटपर्यंत जातो. आरएक्स 6600 ला 132 वॉट लागतात. बोर्ड, एसएसडी, पंखे यांचे पन्नास-साठ धरा. झाले सुमारे 310. नामांकित कंपनीचा 550 वॉटचा, 80 प्लस ब्राँझ शिक्क्याचा एसएमपीएस यासाठी पुरेसा आहे. 80 प्लस हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही. म्हणून वॉरंटी किती वर्षांची आहे, तेही विचारा.

घरचं प्लगचं अर्थिंगही तपासून घ्या. लाइट सारखी येते-जाते अशा गावात राहत असाल तर यूपीएस धरूनच बजेट करा. 600 व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण 360 वॉट. तेवढ्यात प्रोजेक्ट सेव्ह करून मशीन बंद करायला वेळ मिळतो, गेम संपवायला नाही!

साठ हजारांची वाटणी

नुसत्या डब्यासाठी साठ हजार आहेत असं धरलं, तर मी अशी वाटणी करेन: ग्राफिक्स कार्डाला 20, प्रोसेसरला 10, रॅमला 9, मदरबोर्डला 7, एसएसडीला 6, एसएमपीएसला 5 आणि कॅबिनेटला 3 हजार. हे प्रमाण आहे, रेट कार्ड नव्हे. एडिटिंग जास्त असेल तर कार्डातले चार-पाच हजार रॅम आणि एसएसडीकडे वळवा. कॅबिनेटला पुढून हवा जाईल अशी जाळी हवी, लाइट नसले तरी चालतील. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि विंडोजचे पैसे वेगळे ठेवा. बरेच जण इथेच फसतात आणि नव्या मशीनला मामाचा जुना मॉनिटर लावून बसतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा तुमच्या शहरातल्या बाजारात, एकाच दिवशी तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या. प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा. 'हे नाहीये, पण सेमच आहे' असं कानावर आलं की यादी खिशात ठेवून चहाला जा. प्रोसेसर बॉक्समधला आहे की ट्रेमधला, हे विचारा. ट्रेमधल्या प्रोसेसरला सहसा कंपनीची वॉरंटी मिळत नाही. 'बिल नको असेल तर कमी करतो' या वाक्याला भुलू नका. वाचलेला 18 टक्के जीएसटी पार्ट बिघडला की एका फटक्यात वसूल होतो. बिलावर सीरियल नंबर हवेत आणि रिकामे खोके निदान वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर हवेत. मशीन तुमच्यासमोर जोडून घ्या. लाजू नका, पैसे तुम्ही देताय.

माझं दुसरं मशीन मी दोन वर्षांनी घेतलं, लग्नाच्या कामांतून साठवलेल्या पैशांत. त्याला लाइट नाहीत. बाबा बघून म्हणाले, 'हे पहिल्यापेक्षा साधं दिसतंय की रे.' मी त्यांना एसएमपीएसचं स्टिकर दाखवलं आणि गुणाकार करून सांगितला. त्यांनी तो कागदावर पुन्हा करून बघितला आणि विचारलं, 'मग हे त्या दिवशी त्या माणसाला का नाही विचारलंस?'

तेव्हा मला माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे, तेव्हा विचाराच.