आरोग्याचा पत्ता – भाग ९ : चारशे पावलांवरची सावली

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास सोलापुरात सात रस्ता चौकात एक साधी गोष्ट करून पाहा. कडुनिंबाखाली लावलेल्या दुचाकीच्या सीटवर हात ठेवा आणि मग दहा पावलांवर उन्हात उभ्या असलेल्या दुचाकीच्या सीटवर ठेवा. दुसऱ्या सीटवरून हात झटकन उचलावा लागतो. हवा दोन्ही ठिकाणी तीच असते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात पाराही एकच छापून येतो, ४३ किंवा ४४. पण हवामान खाते तो पारा सावलीतल्या पेटीत मोजते. उन्हातल्या माणसाच्या अंगावर त्याशिवाय वरून सूर्य असतो, खालून डांबर भाजते आणि बाजूने भिंती तापवतात.

गेल्या आठवड्यात आपण घराच्या आतली हवा पाहिली. आज दाराबाहेरच्या चारशे पावलांबद्दल बोलू. चारशेच का, ते पुढे येईलच.

आधी सावलीचे पाहू. पत्र्याच्या शेडखालीही सावली असते, मग तिथे जीव का घाबरतो? पत्रा स्वतः तापतो आणि ती उष्णता खाली ओततो. पान तसे तापत नाही. मुळांनी ओढलेले पाणी ते वाफेच्या रूपाने सोडत राहते, त्यामुळे भर उन्हातही त्याचे तापमान हवेच्या आसपास राहते. शिवाय झाडाने दिवसभर झाकलेली भिंत रात्री उष्णता फेकत नाही. आपल्याकडे रात्रीचे महत्त्व दिवसापेक्षा कमी नाही. अंग थंड ठेवण्यासाठी हृदयाला कातडीकडे जास्त रक्त ढकलावे लागते आणि त्या कामाला रात्री विसावा हवा असतो. रात्रभर सिमेंटचे घर भट्टीसारखे धगधगत राहिले, तर रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांचा तोल सकाळीच बिघडलेला असतो.

या बाबतीत कडुनिंबाचे उपकार फार मोठे आहेत. ऐन चैत्रात, पाडव्याच्या आसपास, त्याला नवी पालवी फुटते आणि उन्हाचा कडाका सुरू होईतो तो गच्च भरलेला असतो. कमी पावसाच्या आपल्या जिल्ह्यात एकदा मूळ धरले की तो फारसे पाणीही मागत नाही.

झाड म्हटले की लोक ऑक्सिजनचे बोलतात. माझ्या मते आरोग्यासाठी ते कारण जवळजवळ गैरलागू आहे. हवेत ऑक्सिजन २१ टक्के आहे आणि गल्लीतल्या चार झाडांनी त्यात मोजता येईल असा फरक पडत नाही. धुळीचेही तसेच. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे. पानांवर धूळ बसते हे खरे, पण वाहनांचा धूर आणि रस्त्याची धूळ मुळातच कमी करावी लागते, ते काम झाडांवर सोपवता येत नाही. झाडाचे खरे काम वेगळेच आहे आणि ते कितीतरी मोठे आहे.

अमेरिकेत रॉजर उलरिक या संशोधकाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत पाहणाऱ्यांना ८.७० दिवस लागले. झाडवाल्यांना वेदनाशामक औषधांचे जोरकस डोसही कमी लागले. १९८४ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लहान होता, पण रुग्णालयाची खिडकी कुठे उघडावी हा प्रश्न त्यानेच वैद्यकापुढे ठेवला.

त्यानंतरचा एक अभ्यास वाचून मी बराच वेळ सुन्न बसले होते. २००२ मध्ये अमेरिकेत एका हिरव्या भुंगेऱ्याचा शिरकाव लक्षात आला. त्याची अळी अॅश नावाच्या झाडाचे खोड आतून पोखरते. पुढच्या काही वर्षांत कोट्यवधी झाडे वाळून गेली. संशोधकांनी १५ राज्यांतल्या मृत्यूंच्या नोंदी त्याशेजारी ठेवून पाहिल्या. जिथे झाडे गेली, तिथे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी सुमारे १५ हजार आणि श्वसनाच्या विकारांनी ६ हजारांहून अधिक जादा मृत्यू झाल्याचा अंदाज निघाला. एरवी या विषयावर एक शंका नेहमी येते, की हिरव्या वस्तीत पैसेवाले राहतात आणि ते तसेही निरोगी असतात. इथे माणसे तीच होती आणि घरेही तीच, फक्त दारातले झाड गेले होते.

फिनलंडमध्ये तर काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि गवताचे गालिचे अंथरले. महिनाभर, २८ दिवस, मुले त्यात खेळली. त्यांच्या कातडीवरच्या उपयुक्त जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींमध्येही चांगला बदल दिसला. "मातीत खेळू नको" असे आपण मुलांना दिवसातून दहादा सांगतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता चारशे पावलांचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने सुचवले आहे, की प्रत्येक घरापासून ३०० मीटरच्या आत निदान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असावी. ३०० मीटर म्हणजे पाच मिनिटांची चाल, साधारण चारशे पावले. आपल्याकडे केंद्राच्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सांगितली आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती, म्हणजे किमान साडेनऊ चौरस किलोमीटर जागा हवी. शहराची हद्द १७८ चौरस किलोमीटरची आहे, तेव्हा ही मागणी आवाक्याबाहेरची नाही.

सात रस्त्याजवळ राहणारे त्या मानाने नशीबवान. विजापूर रस्त्याने पुढे गेले की कंबर तलाव, म्हणजे धर्मवीर संभाजी तलाव लागतो, स्मृती उद्यान आहे आणि आणखी पुढे सिद्धेश्वर वनविहार. शहराच्या मध्याला सिद्धेश्वर तलाव, किल्ल्याची बाग आणि हुतात्मा बाग आहेत. पण पूर्व भागात या. घराला लागूनच माग आणि मागाला लागून पुढचे घर. दारात बसून बाया सुपात तंबाखू घेऊन विड्या वळतात. हजार विड्या होईपर्यंत मान वर होत नाही. पहाटे कंबर तलावाला चक्कर मारायला रिक्षा करून जा, असे त्यांना कोण सांगणार? इंग्लंडमध्ये सुमारे चार कोटी लोकांच्या नोंदी तपासलेल्या २००८ च्या अभ्यासात दिसले, की जिथे हिरवळ जास्त, तिथे गरीब आणि श्रीमंत यांच्या मृत्युदरातली दरी कमी असते. झाडाची गरज सर्वांत जास्त आहे ती याच दारांना.

आणि त्यासाठी मोठे उद्यानच लागते असे नाही. फिलाडेल्फिया शहरात पडीक भूखंडांवरचा कचरा काढून तिथे गवत आणि थोडी झाडे लावली. आसपासच्या रहिवाशांमध्ये उदास वाटण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांनी घटले. आपल्या वसाहतींतले मोकळे भूखंड आठवा. गाजरगवत, वेडी बाभूळ, प्लॅस्टिक. तेही हिरवेच दिसते, पण गाजरगवताने अंगाला खाज सुटते आणि दम्याचा त्रास वाढतो. नुसत्या हिरव्या रंगाने भागत नाही. तिथे बसता आले पाहिजे आणि पोराला सोडता आले पाहिजे.

आमच्या गल्लीच्या तोंडाला एक जुना कडुनिंब आहे. त्याच्याखाली गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा रोज बसतात. "झाड हाय म्हून घराभाईर पडतो, न्हाईतर दिसभर पंख्याखाली पडून असतो," असे ते मला म्हणाले होते. त्यांचे चालणे, चार माणसांशी बोलणे, रात्रीची झोप, सगळे त्या खोडाला बांधलेले आहे. दोन वर्षांपूर्वी फुटपाथ करताना पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवले. मुळांना पाणी नाही, हवा नाही. पुढच्या उन्हाळ्यात एक फांदी वाळली. मग गल्लीतल्या पोरांनी चार ब्लॉक उचकटून आळे केले. नळाला पाणी काही दिवसांआड येते, म्हणून भाज्या आणि तांदूळ धुतलेले पाणी आता त्या आळ्यात जाते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. तोच नियम इथे पाळायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

कायदाही हाताशी आहे. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि पन्नास वर्षांवरच्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. झाड तोडायचे तर आधी नोटीस लावावी लागते आणि त्यावर कोणालाही हरकत घेता येते. खोडावर चिकटवलेला कागद दिसला, तर थांबून वाचा.

या रविवारी एक करा. ऊन उतरल्यावर घराच्या दारातून निघा आणि चारशे पावले मोजा. वाटेत बसण्याजोगी सावली किती ठिकाणी लागली, किती खोडांना आळे होते आणि किती खोडे सिमेंटमध्ये आवळलेली होती, हे वहीत लिहा आणि ते पान आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाच्या हातात द्या.