चाकं फिरली, पण गाडी किती गेली?

मंगळावरून नवा फोटो आला की बहुतेकांची नजर क्षितिजाकडे जाते. रोव्हरच्या प्रवासाचं वेड लागलेली माणसं मात्र आधी खाली बघतात, चाकांच्या खुणांकडे. चाकोरी सरळ आहे की तिरपी, तिच्या कडा कोरीव आहेत की ढासळलेल्या, यावरून आदल्या दिवशीची ड्राइव्ह कशी झाली असेल याचा त्यांना अंदाज येतो. या खुणा वाचायला शिकायचं तर आधी ती गाडी चालते कशी, हे समजून घ्यायला हवं.

चालक इथे, गाडी तिथे

पृथ्वीवरून निघालेला रेडिओ संदेश मंगळावर पोचायला, दोन ग्रहांमधल्या त्या वेळच्या अंतरानुसार, साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. समोर खड्डा आहे हे इथे कळून ‘थांब’ हा हुकूम तिथे जाईपर्यंत गाडी खड्ड्यात गेलेली असेल. त्यामुळे मंगळावरची गाडी जॉयस्टिकने चालवताच येत नाही.

कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये, हे काम ‘रोव्हर प्लॅनर’ करतात. रोव्हरच्या डोक्यावरच्या दोन नॅव्हकॅम आपल्या दोन डोळ्यांसारख्या शेजारी-शेजारी असतात. त्यांच्या जोडफोटोंवरून संगणक जमिनीचा चढ-उतार उभा करतो. प्लॅनर मंडळी त्यावर वाट आखतात, संगणकावर गाडी लुटुपुटूची चालवून बघतात आणि मग दिवसभराच्या हुकमांची यादी एकदम धाडतात. मंगळावर सकाळ झाली की रोव्हर ती यादी घेऊन कामाला लागतो. काय झालं ते ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानांमार्फत नंतर कळतं.

तुलनेला आपला चंद्रावरचा रोव्हर ‘प्रज्ञान’ घ्या. चंद्रापर्यंत संदेश जायला सव्वा सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रज्ञानला तीन मीटरवर चार मीटर रुंदीचा खड्डा दिसला, तेव्हा इस्रोने त्याला माघारी फिरवून दुसऱ्या वाटेने नेलं. मंगळावर अशी चूक आयत्या वेळी दुरुस्त करता येत नाही.

चाळीस मिनिटांचा सरकता दिवस

मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. त्याला ‘सोल’ म्हणतात, आणि या कामातले लोक ‘टुडे’, ‘यस्टरडे’ऐवजी सर्रास ‘टोसोल’, ‘यस्टरसोल’ असं बोलतात. रोव्हर उतरल्यानंतरचे सुरुवातीचे महिने जेपीएलची टीम मंगळाच्या घड्याळावर जगते. कामाची वेळ रोज सुमारे चाळीस मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी नऊला कामावर येणारा माणूस अठरा दिवसांनी रात्री नऊच्या सुमारास येतो.

होकायंत्र नाही, जीपीएस नाही

मंगळाला पृथ्वीसारखं ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र उरलेलं नाही. त्यामुळे होकायंत्र निरुपयोगी. जीपीएसचे उपग्रहही नाहीत. गाडी किती कलली आहे हे तिला गुरुत्वाकर्षणावरून कळतं आणि किती वळली हे जायरोस्कोपवरून. पण जायरोस्कोपची चूक थोडी थोडी साठत जाते. मग कॅमेरा वर करून सूर्य शोधायचा आणि त्याच्या जागेवरून दिशा पुन्हा पक्की करायची, असा जुना दर्यावर्दी उपाय करावा लागतो.

नेमकं ठिकाण ठरवायला वरून काढलेले फोटो असतात. ‘मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर’वरचा हायराइझ कॅमेरा टेबलाएवढा खडकही टिपतो. जमिनीवरून दिसणारे खडक आणि वरून दिसणारे खडक जुळवले की नकाशावर ठिपका ठेवता येतो.

राहिला प्रश्न अंतराचा. तो सोपा वाटतो, कारण चाकाचे फेरे मोजले की झालं. पण खरी गोम तिथेच आहे.

परगेटरीची शिकवण

एप्रिल २००५. मंगळाच्या मेरिडियानी मैदानावर नासाची रोव्हर-गाडी ‘ऑपॉर्च्युनिटी’ वाळूच्या लाटा ओलांडत मजेत चालली होती. त्यातल्या जेमतेम फूटभर उंचीच्या एका लाटेत ती रुतली. चाकं फिरतच राहिली. फेऱ्यांच्या हिशेबाने गाडी पन्नास मीटर जायला हवी होती, प्रत्यक्षात ती जागच्या जागी वाळू उकरत होती. पावसाळ्यात चिखलात अडकलेला ट्रॅक्टर जितका जोर लावतो तितका खाली जातो, तसंच. जेपीएलमध्ये वाळू पसरून, त्यात दुसरा रोव्हर रुतवून सुटकेच्या युक्त्या तपासल्या गेल्या. ऑपॉर्च्युनिटी बाहेर निघायला जून उजाडला. त्या लाटेचं नाव पडलं ‘परगेटरी’.

पुढे हीच गाडी मार्च २०१५ मध्ये मॅरेथॉनचं अंतर ओलांडून गेली आणि एकूण ४५.१६ किलोमीटर चालली. तिची जुळी बहीण ‘स्पिरिट’ मात्र २००९ मध्ये मऊ मातीत रुतली, ती कायमचीच.

मागे बघून पुढे जाणं

घसरण पकडायची तर खडकांना साक्षीला धरावं लागतं. रोव्हर थोडं अंतर जातो, फोटो काढतो, आधीच्या फोटोशी ताडून बघतो. ओळखीचे दगड फोटोत किती सरकले यावरून तो स्वतः किती सरकला हे कळतं. याला ‘व्हिज्युअल ओडोमेट्री’ म्हणतात. चाकांचा हिशेब आणि फोटोंचा हिशेब यांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त तफावत आली की गाडी आपणहून थांबते.

पण सपाट वाळूत ओळखीचा दगडच नसेल तर? २०१२ मध्ये उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’साठी त्यावर गमतीदार तोड काढली. तिच्या चाकांना भोकं पाडलेली आहेत, आणि ती मोर्स लिपीत ‘जेपीएल’ ही अक्षरं वाळूवर उमटवतात. खूण आपली आपणच सोडायची आणि तिच्यावरूनच अंतर मोजायचं.

चालता चालता विचार

पूर्वीचे रोव्हर स्वतः वाट शोधायचे तेव्हा काही पावलं जायचे, थांबायचे, फोटो काढायचे, विचार करायचे. २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’मध्ये फोटो तपासायला वेगळा संगणक आहे. त्यामुळे चाकं फिरत असतानाच पुढची वाट ठरते. माणसांनी मुक्काम सांगायचा, मधले धोंडे टाळायचं काम ‘ऑटोनॅव्ह’ करतं.

गाडीचा वेग मात्र सपाटीवरही मिनिटाला जेमतेम अडीच मीटर. तरी थांबे वाचल्याने पल्ला वाढतो. १९ जून २०२५ रोजी पर्सिव्हिअरन्सने एका दिवसात ४११ मीटर कापले. क्युरिऑसिटीच्या चाकांचे पत्रे टोकदार खडकांनी फाटले होते. तो धडा घेऊन पर्सिव्हिअरन्सच्या चाकांचा पत्रा जाड केला आहे.

घरबसल्या ड्राइव्ह वाचताना

नासा रोव्हरचे कच्चे फोटो पृथ्वीवर आल्यानंतर लवकरच सगळ्यांसाठी खुले करते. म्हणून जगभरचे हौशी लोक हा प्रवास जवळजवळ चालकांबरोबरच बघतात. कोणी तुकडे जोडून पॅनोरामा करतं, कोणी रोजचा मार्ग नकाशावर ओढतं. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘एआय फॉर मार्स’ या उपक्रमात तर स्वयंसेवकांनी फोटोंत वाळू कुठे, खडक कुठे हे रंगवून दिलं, म्हणजे संगणकाला जमीन ओळखायला शिकवता येईल.

सुरुवात पर्सिव्हिअरन्सच्या नॅव्हकॅमपासून करा. फाइलच्या नावात सुरुवातीला ‘एनएल’ असेल तर तो डाव्या नॅव्हकॅमचा फोटो, आणि पुढचे चार आकडे म्हणजे सोल. ड्राइव्हनंतर मागे वळून काढलेला फोटो शोधा. चाकोरी उतारावर बाजूला सरकली आहे का, वळताना माती किती उकरली गेली, ते बघा.

मग क्युरिऑसिटीच्या वाळूतल्या फोटोंकडे वळा. तिचं चाक पन्नास सेंटिमीटर व्यासाचं आहे, म्हणजे न घसरता एका फेऱ्यात ते १ मीटर ५७ सेंटिमीटर जातं. तेवढ्याच अंतरावर मोर्सची खूण पुन्हा उमटायला हवी. खुणा १ मीटर २० सेंटिमीटरवर आल्या, तर समजायचं की फेऱ्यातला जवळजवळ चौथा हिस्सा वाळूने खाल्ला.