आमगावहून न्यूयॉर्क किती तास?

श्रोतेहो, आमगावहून मुंबई रेल्वेने सुमारे हजार किलोमीटर. शेजारच्या गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस त्याला साधारण सोळा तास घेते. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानालाही जवळपास तेवढेच तास लागतात! पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांत दोरा ताणून धरा. तो उत्तर युरोपवरून जाईल. तोच जवळचा मार्ग. परतीला वेळ कमी लागतो, कारण उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला मागून रेटतात.

तरीही विमान, रेल्वे आणि मधली थांबाथांब धरता तिकडच्या लेकाला आमगावचा उंबरठा गाठायला दीड-दोन दिवस जातात. म्हणून आईच्या आजारपणाचा निरोप ‘उगाच काळजी नको’ म्हणत अडवून ठेवू नये.