उजव्या फुप्फुसातल्या दोन गाठी

एकाच रुग्णाच्या उजव्या फुप्फुसातून दोन लहान गाठी आल्या आहेत, एक वरच्या खंडातली, दुसरी खालच्या. दोन्हींवर ‘ॲडेनोकार्सिनोमा’ लिहिता येईल, पण तेवढ्याने भागत नाही. एक गाठ दुसरीतून पसरलेली असेल, तर लिम्फ नोड स्वच्छ असूनही आजार तिसऱ्या टप्प्यात जातो. दोन्ही आपापल्या जागी उगवल्या असतील, तर प्रत्येकीचा टप्पा वेगळा मोजायचा, आणि एवढ्या लहान गाठी पहिल्याच टप्प्यात बसतात. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी द्यायची की नाही, हे या उत्तरावर अवलंबून असतं.

हे ठरवण्यासाठी मार्टिनी आणि मेलामेड यांनी 1975 साली निकष मांडले. पेशींचा प्रकारच वेगळा असेल, एक स्क्वॅमस आणि एक ॲडेनो, तर दोन स्वतंत्र कर्करोग. प्रकार सारखा निघाला की खरी मेहनत सुरू होते.

मी आधी कमी ताकदीच्या भिंगाखाली सगळ्या स्लाइड फिरवून बघते. ॲडेनोकार्सिनोमा एकाच तऱ्हेने वाढत नाही. कुठे पेशी वायुकोशांच्या भिंती धरून सरकतात, त्याला लेपिडिक म्हणतात. कुठे नळ्या करतात, कुठे मोकळे पुंजके, कुठे भरीव थर. प्रत्येक घडणीचा वाटा पाच-पाच टक्क्यांच्या पायरीने लिहायचा. वरच्या गाठीत लेपिडिक कड रुंद आहे, मधे नळ्या. खालची जवळजवळ सगळी भरीव, केंद्रकं मोठी, भोवती लिम्फोसाइट्सची दाटी. कल स्वतंत्र गाठींकडे झुकतो, पण पसरताना कर्करोग आपली घडण बदलू शकतो. लेपिडिक कड दिसली की गाठ तिथलीच, असंही छातीठोक म्हणता येत नाही. पसरलेल्या पेशीसुद्धा कधीकधी वायुकोशांच्या भिंतींवरून तशाच सरकतात.

म्हणून दोन्ही ब्लॉक जनुकतपासणीला जातात. वरच्या गाठीत ईजीएफआरचा एल858आर बदल, खालचीत केआरएएसचा जी12सी. असे बदल गाठीच्या जन्माच्या आसपास होतात आणि सहसा एकाच गाठीत एकत्र सापडत नाहीत. स्लाइडवर दिसलेल्या फरकाला इथे भक्कम आधार मिळाला. रिपोर्टमध्ये दोन स्वतंत्र प्राथमिक कर्करोग, दोन टप्पे.

दोन्हीकडे एल858आरच आला असता, तर मी इतक्या खात्रीने लिहिलं नसतं. आशियाई रुग्णांमध्ये तो बदल इतका सर्रास आढळतो की दोन वेगळ्या गाठींत योगायोगानेही असू शकतो. अशा वेळी दोघींत सामायिक असलेले दुर्मीळ बदल शोधावे लागतात, आणि स्लाइड पुन्हा भिंगाखाली घ्यावी लागते.