लॅपटॉप दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव... प्रेक्षक कुठलेही असोत, प्रश्न एकच येतो: "लॅपटॉप जुना झालाय, मध्येच बंद पडतो. काय करू?"

माझाही लॅपटॉप २०१७ चा. काम करता करता निळा पडदा यायचा आणि सगळं ठप्प. दुकानदाराने तो न उघडताच सांगितलं, "मदरबोर्ड गेला, नवाच घ्या." मी घेणारही होतो. पण आधी स्वतः तपासून पाहिलं. तेच आज सांगतो.

सगळ्यात आधी बॅकअप. फोटो, कागदपत्रं, मुलांचे प्रोजेक्ट बाहेरच्या डिस्कवर घ्या. मशीन पुन्हा मिळेल, फोटो मिळणार नाहीत.

मग बघा, लॅपटॉप बंद पडतो केव्हा? जड काम करताना तापतो आणि पंखा घोंघावतो, तर बहुधा आत धूळ साचलीय किंवा थर्मल पेस्ट सुकलीय. साफसफाईने भागतं. फाइल उघडताना अडकतो, कटकट आवाज येतो, तर संशय हार्ड डिस्कवर. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत दिसते. कधीही, कुठेही निळा पडदा येत असेल, तर विंडोजमधलंच 'मेमरी डायग्नोस्टिक' चालवून रॅम तपासा. आणि बॅटरी फुगली असेल, तर चार्जिंग लगेच थांबवा. तिथे धोका आगीचा आहे.

धूळ, रॅम, डिस्क, बॅटरी ही दुरुस्ती सहसा परवडते. मदरबोर्ड किंवा स्क्रीन गेली, तर खर्चाचा अंदाज लेखी घ्या. तशाच नव्या लॅपटॉपच्या निम्म्या किमतीपेक्षा जास्त होत असेल, तर थांबा. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, ती वाढवता येत नाही. हेही आधीच विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. म्हणजे मशीन धडधाकट असलं, तरी सुरक्षेचा प्रश्न उरतोच.

माझ्या लॅपटॉपचं काय झालं? मदरबोर्ड ठणठणीत होता, हार्ड डिस्क मरायला टेकली होती. तिथे एसएसडी बसवली आणि निळा पडदा गेला. पण प्रोसेसर सातव्या पिढीचा, म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलं. आता त्यावर मुलगी अभ्यास करते.

टाकून द्यायची वेळ आलीच, तर डिस्क काढून घ्या किंवा नीट पुसा आणि लॅपटॉप अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. भंगारात नको.

तर मंडळी, आधी बॅकअप, मग तपासणी, मग हिशोब. खिशात हात सगळ्यात शेवटी!